मामांच्या ट्रंकेतल्या चिप्स गंगेत सोडू नका

पत्र :

माझे मोठे मामा मर्चंट नेव्हीत इंजिनिअर होते. ते गेले त्याला वर्ष झालं. सिडकोतलं घर आवरताना मामींनी त्यांची एक लोखंडी ट्रंक मला दिली. तिच्यात एका कापडी पिशवीत साठेक कॅसिनो चिप्स निघाल्या. काहींवर लास वेगासच्या हॉटेलांची नावं आहेत, काही मकाऊच्या आहेत, काही काठमांडूच्या, तर काहींवर काहीच वाचता येत नाही. मला लहानपणापासून नाण्यांची आवड. या चिप्स ठेवाव्यात, आणखी जमवाव्यात असं मनात आहे. पण आई म्हणते, जुगाराची वस्तू घरात नको, गंगेत (गोदावरीत) सोडून ये. तिच्या काकांनी मटक्यात पंचवटीतलं राहतं घर घालवलं होतं. इकडे ओळखीतला एक जण ‘ओरिजिनल वेगास सेट’ म्हणून ५०० चिप्सची ॲल्युमिनियमची पेटी २५,००० रुपयांना देतोय, एका चिपचं वजन ११.५ ग्रॅम सांगतो. या वस्तू बाळगणं कायद्यात बसतं का? त्यांना खरंच काही किंमत आहे का? आणि सुरुवात कुठून करू? फोटो सोबत पाठवतोय.
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर :

नमस्कार.

पेटी घेऊ नका आणि चिप्स गंगेत सोडू नका. एवढं आधी सांगून टाकतो, कारण गेलेले पैसे आणि पाण्यात गेलेली वस्तू दोन्ही परत येत नाहीत. बाकीचं निवांत बोलू.

आधी आईंचं. त्यांचं म्हणणं जुन्या वळणाचं म्हणून बाजूला सारू नका. ज्या माणसाने आपल्या घरातलं छप्पर आकड्यापायी गेलेलं पाहिलंय, त्याला ‘अगं, ही फक्त आवड आहे’ म्हणून समजूत घालता येत नाही. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा त्यांना एक साधी गोष्ट दाखवा. कॅसिनोत पैसे देऊन घेतलेली चिप एक तर टेबलावर लागते, नाही तर खिडकीवर परत जाऊन तिचे पैसे होतात. जी खिशात राहून घरी आली, तिच्यावर डाव लागलाच नाही. मामांच्या पिशवीतली प्रत्येक चिप ही त्यांनी न खेळलेली चिप आहे. आणि मग आईंना शब्द द्या की या चिप्स पत्त्यांच्या डावात कधीही बाहेर निघणार नाहीत, दिवाळीच्या तीन पत्तीतसुद्धा नाही. हा शब्द मनापासून द्या, कारण कायद्याच्या दृष्टीनेही खरी रेघ तिथेच आहे.

महाराष्ट्रात जुगारबंदीचा जो कायदा लागू आहे तो मूळचा मुंबई इलाख्याचा, १८८७ सालचा. तो जुगाराचा अड्डा चालवणाऱ्याला आणि तिथे खेळताना सापडणाऱ्याला धरतो. अड्ड्यावर छापा पडला की तिथली खेळाची साधनं पुरावा ठरतात. कपाटात संग्रह म्हणून ठेवलेली जुनी चिप हा अड्डा होत नाही. पण त्याच चिप्स पैशांच्या डावात टेबलावर आल्या की त्या साधन झाल्या. आपल्याकडे १९७६ साली कॅसिनोंवर नियंत्रण आणि कर यांसाठी वेगळा कायदाही झाला होता. तो कधी अमलात आलाच नाही आणि २०२३ मध्ये विधिमंडळाने तो रद्दच करून टाकला. म्हणजे महाराष्ट्रात कायदेशीर कॅसिनो नव्हता आणि नाही. गोव्याची वाट वेगळी, तिथला जुगाराचा कायदाही १९७६चाच, पण पुढे दुरुस्त्या करून त्यांनी आधी पंचतारांकित हॉटेलांत जुगाराच्या यंत्रांना आणि मग मांडवीतल्या जहाजांवर टेबलांना वाट करून दिली. तुम्हाला त्यातलं काहीच करायचं नाही. तुम्ही निर्धास्त राहा.

आता या चकत्या नेमक्या काय आहेत ते बघू, कारण किंमतीचा प्रश्न त्यातूनच सुटतो.

चिप म्हणजे पैसा नव्हे, देणं आहे. लास वेगास ज्या राज्यात आहे त्या नेवाडाचा नियम असा की चिप ही कायम कॅसिनोच्याच मालकीची. ज्याच्या हातात ती आहे त्याला कॅसिनो तेवढी रक्कम देणं लागतो, इतकाच तिचा अर्थ. आपल्या सावकारी पेढ्यांच्या हुंडीसारखी. पेढी उभी आहे तोवर हुंडीला भाव, पेढी बुडाली की उरतो तो कागद. कॅसिनो बंद झाला, चिप्स बदलून घ्यायची मुदत सरली, की पाच डॉलरच्या चिपचे पाच डॉलर कुणीच देत नाही. संग्राहकाच्या दृष्टीने ती नेमकी त्या दिवसापासून जिवंत होते. कारण मुदतीनंतर उरलेल्या चिप्स नष्ट कराव्या लागतात. त्या यंत्रात घालून भरडतात. पूर्वी काही ठिकाणी त्या चक्क नव्या इमारतीच्या पायात काँक्रीटखाली गाडल्या गेल्या. लोकांच्या खिशातून, ड्रॉवरमधून, तुमच्या मामांसारख्यांच्या ट्रंकेतून जेवढ्या वाचल्या तेवढ्याच जगात उरल्या.

तुम्ही पाठवलेल्या फोटोंत स्टारडस्ट, सँड्स आणि ड्यून्स ही तीन नावं स्वच्छ वाचता येतात. तिन्ही हॉटेलं आज जागेवर नाहीत. ड्यून्स १९५५ साली उघडलं आणि २७ ऑक्टोबर १९९३ला सुरुंग लावून पाडलं, तिथे आज बेलाजिओ उभं आहे. सँड्स १५ डिसेंबर १९५२ला सुरू झालं, २६ नोव्हेंबर १९९६ला पाडलं, त्या जागी व्हेनिशियन आलं. स्टारडस्ट १९५८चं, १ नोव्हेंबर २००६ला शेवटचा डाव झाला आणि पुढच्या मार्चमध्ये तीही इमारत जमीनदोस्त. लास वेगास स्वतःचा भूतकाळ जपत नाही, पाडून टाकतं. त्यामुळे त्या शहराचा हातात धरता येईल असा इतिहास बऱ्याच अंशी या चाळीसेक मिलिमीटरच्या चकत्यांवरच शिल्लक आहे. मला या छंदाबद्दल मनापासून आस्था आहे ती याच कारणाने.

मागे गेलात तर गोष्ट आणखी लांबते. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या गुत्त्यांत जुगारी सोन्याची भुकटी, सोन्याचे खडे, नाणी, जे असेल ते टेबलावर टाकत. हिशेबाची सारखी भांडणं. म्हणून हाडाच्या, हस्तिदंताच्या, लाकडाच्या, कागदी लगद्याच्या चकत्या आल्या. १८८०च्या सुमाराला माती, खडू आणि लाख यांचं मिश्रण गरम साच्यात दाबून चकत्या बनायला लागल्या आणि त्या स्वस्त पडल्या. लाखेचा जगातला मोठा पुरवठा तेव्हा हिंदुस्थानातूनच होत असे, तेव्हा या अमेरिकी वस्तूत आपल्याकडच्या पळस-कुसुंबावरच्या किड्यांचाही वाटा आहे म्हणायला हरकत नाही. पण साध्या एकरंगी चकत्या कुठल्याही दुकानात मिळायच्या. लबाड लोक त्याच रंगाच्या घरून आणून ढिगात मिसळायचे. तो प्रकार थांबवायला मग चकतीवर साच्याची नक्षी आली, मध्ये छापील कागदाची टिकली आली, आणि कडेला वेगळ्या रंगाचे तुकडे बसवण्याची पद्धत आली. आज आपल्याला चिप सुंदर वाटते ती ज्या गोष्टींमुळे, त्या सगळ्या मुळात चोराला रोखण्यासाठी होत्या.

नेवाडाने १९ मार्च १९३१ला जुगार कायदेशीर केला. मंदीचा काळ होता, राज्याला पैसा हवा होता. त्याआधी आणि नंतरही इतर राज्यांत बेकायदा अड्डे जोरात चालायचे, आणि त्यांच्या चिप्सवर नाव नसायचंच, फार तर दोन अक्षरं. अशा अनाम चिप्सचा ठावठिकाणा संग्राहकांनी कसा शोधला माहितीये? चिप बनवणाऱ्या कंपन्यांच्या जुन्या ऑर्डरच्या कार्डांवरून. कुठल्या गावच्या कुणी, कुठल्या रंगाच्या, काय अक्षरं छापून किती मागवल्या, याची नोंद कारकुनाने केली होती, आणि ती कार्डं कुणीतरी फेकली नाहीत. हे मुद्दाम सांगतोय. पुढे तुम्हाला हेच करायचंय.

एक गोष्ट जरा थांबून सांगाविशी वाटते. १९५०च्या दशकात लास वेगासच्या स्ट्रिपवरच्या (बड्या कॅसिनोंच्या मुख्य रस्त्यावरच्या) हॉटेलांत कृष्णवर्णीय गायक-वादक रंगमंच गाजवायचे, पण कार्यक्रम संपला की त्याच हॉटेलात त्यांना खोली मिळत नसे, जुगाराच्या टेबलाशी बसता येत नसे. गावाच्या पश्चिमेकडच्या त्यांच्या वस्तीत परतावं लागे. २४ मे १९५५ला तिथे मूलां रूज नावाचा हॉटेल-कॅसिनो उघडला. गोरे-काळे एकाच टेबलावर बसू शकतील असा शहरातला पहिला. मुष्टियोद्धा जो लुईस पाहुण्यांच्या स्वागताला असे, आणि स्ट्रिपवरचे बडे कलाकार आपापले कार्यक्रम उरकून रात्री उशिरा तिथे जमत. सहाएक महिन्यांत तो बंद पडला. पाच वर्षांनी, मार्च १९६०मध्ये, स्ट्रिपवरची वर्णबंदी उठवण्याचा करार झाला तो त्याच बंद इमारतीत बसून. त्या सहा महिन्यांची चिप जेव्हा एखाद्याच्या हातात येते तेव्हा तो काय धरून बसलाय याची कल्पना करा. तुमच्या पिशवीत ती नाही. पण चिप कशासाठी जमवायची याचं मला सुचणारं सर्वांत चांगलं उत्तर तेच आहे.

आता तुमच्या ‘वाचता न येणाऱ्या’ चिप्स. त्यातली एक फोटोत मी बराच वेळ बघत होतो. विटकरी रंग, मधली सोनेरी छपाई इतकी झिजलेली की तिरप्या उजेडात फक्त एका अक्षराची वळणं दिसतात. पण कडेलगत सगळीकडे एक उठावाची नक्षी आहे: उंच टोपी, तिच्याशी काठी, पुन्हा टोपी, पुन्हा काठी. हा पॉलसन कंपनीचा साचा. ही कंपनी १९६३ साली सुरू झाली, म्हणजे चिप त्याआधीची असू शकत नाही. नाव पुसलं तरी जन्मवर्षाची एक बाजू हाती लागली. मात्र त्याच साच्याच्या चिप्स पॉलसनने घरगुती खेळणाऱ्यांनाही विकल्या, त्यामुळे टोपी-काठी दिसली म्हणजे कॅसिनोचीच, असं धरू नका. चिप मऊ कापडावर ठेवा, अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च जवळजवळ आडवा धरून चारी बाजूंनी फोटो काढा. सोनेरी वर्ख गेला तरी ठशाचा दाब मातीत राहतो. अक्षर तिथेच सापडेल.

मधोमध भोक पाडलेल्या ज्या दोन चिप्स आहेत, त्यांना ‘खराब’ म्हणून बाजूला काढू नका. ते भोक कॅसिनोने किंवा कारखान्याने पाडलंय, ही चिप रद्द झाली हे सांगायला. कधी कडेला खाच करतात, कधी जुन्या नावावरच नव्या मालकाचा शिक्का मारतात. नाशिककराला हे नवीन वाटायला नको. १९०६ साली आपल्या जिल्ह्यात जोगळटेंभीला क्षत्रप नहपानाची तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली, आणि त्यातल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला होता. क्षत्रप हरला, सातवाहन जिंकला, हे सांगायला त्या ठशाइतका सज्जड पुरावा दुसरा नाही. खालचा चेहरा अर्धा दिसतो, वर चैत्याची टेकडी. कुणी ती नाणी ‘दुबार छापलेली, बिघडलेली’ म्हणून वितळवली असती तर? त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे. तिथे चिप्सचा अभ्यास होत नाही, पण एखादं नाणं कसं बघायचं, नोंद कशी करायची, वजन-व्यास-ठसा कुठल्या क्रमाने लिहायचं, ही शिस्त तिथे नजरेला पडते. तुम्हाला नाण्यांची आवड आहेच, एकदा जाऊन या.

नाण्यासारख्या ज्या जड, धातूच्या एक डॉलरच्या चकत्या आहेत त्यांचीही वेगळी कथा आहे. १९६४पर्यंत नेवाडाच्या यंत्रांत खरे चांदीचे डॉलर चालायचे. चांदी महागली, लोकांनी डॉलर दाबून ठेवले, सरकारी खजिन्याने देणं थांबवलं. यंत्रं उपाशी राहायला लागली तेव्हा १९६५पासून फ्रँकलिन मिंट या खासगी टांकसाळीने कॅसिनोंसाठी धातूची टोकनं पाडून दिली. तुमच्याकडची त्या वंशातली.

मकाऊच्या चिप्सवर लिस्बोआ आहे. तो कॅसिनो १९७०चा. मकाऊ १९९९ अखेरपर्यंत पोर्तुगीजांकडे होतं आणि जुगाराचा मक्ता १९६२ ते २००२ एकाच कंपनीकडे, तरी चिप्सवर रक्कम हाँगकाँग डॉलरची, कारण गिऱ्हाईक बोटीने तिथून यायचं. आणि काठमांडूच्या चिप्स माझ्या मते तुमच्या पिशवीतला सर्वांत दुर्लक्षित आणि म्हणून सर्वांत चांगला भाग आहेत. तिथल्या सोल्टी हॉटेलात १९६८ला कॅसिनो सुरू झाला, दक्षिण आशियातला पहिला. नेपाळी नागरिकांना आत मज्जाव, आणि भारतातून जाणाऱ्या पर्यटकांची तिथे मोठी वर्दळ. वेगासच्या चिप्सवर अमेरिकेत ढीगभर लिहिलं गेलंय. काठमांडूच्या आणि गोव्याच्या चिप्सची नीट यादी आपल्यापैकी कुणी करायची? ते काम इथून होऊ शकतं.

त्या ॲल्युमिनियमच्या पेटीकडे येतो. विक्रेत्याने वजन ११.५ ग्रॅम सांगितलंय असं तुम्ही लिहिलंय, आणि तिथेच गोष्ट संपते. मातीच्या जुन्या कॅसिनो चिपचं वजन साधारण साडेआठ ते साडेदहा ग्रॅम भरतं. ११.५ आणि १३.५ ग्रॅमच्या चिप्स म्हणजे प्लास्टिकच्या पोटात लोखंडी चकती घातलेला घरगुती माल. ‘जड म्हणजे भारी’ असं वाटावं म्हणून. सराफ बाजारात कुठल्याही ओळखीच्या सराफाकडे काटा आहे, चिप वजन करून मागा, नाही म्हणणार नाहीत. सोबत छोटं लोहचुंबक न्या. चिकटलं तर बहुतेक वेळा विषय मिटला (काही खऱ्या कॅसिनो चिप्समध्येही धातूचा गाभा असतो, पण त्या अशा पेटीत पाचशेच्या हिशेबाने येत नाहीत). मग कड बघा. खऱ्या मातीच्या चिपच्या कडेचा रंगीत तुकडा मातीचाच असतो, जाडीभर उतरलेला, दोन्ही तोंडांवर सारख्या जागी. नकली चिपवर तो नुसता रंग असतो किंवा मधला स्टिकर नखाने उचकटतो. आणखी एक प्रकार असतो, तो जास्त फसवा. चिप उत्तम दर्जाची, साचा खरा, कॅसिनोचं नावही खरं, पण त्या कॅसिनोने ती कधी मागवलीच नव्हती. संग्राहकांना विकायलाच कुणीतरी नंतर बनवलेली. त्याला उपाय एकच: त्या कॅसिनोच्या ज्ञात चिप्सशी ताडून बघणं. अमेरिकेत कॅसिनो चिप्स आणि टोकनांच्या संग्राहकांची संघटना १९८८पासून आहे, लास वेगासला दरवर्षी त्यांचं अधिवेशन भरतं, आणि त्यांनी जमवलेल्या याद्यांतून बरंच काही ताडता येतं. २५,००० रुपये हातात असतील तर त्यात बंद पडलेल्या कॅसिनोंच्या एक आणि पाच डॉलरच्या खऱ्याखुऱ्या चिप्स एकेक करून कितीतरी घेता येतील. परदेशातून मागवताना टपाल आणि सीमाशुल्क धरून हिशेब करा.

आता एक गंभीर मुद्दा. शेवटच्या फोटोत सात-आठ पातळ, पिवळट पांढऱ्या चकत्या आहेत आणि एक लांबट, शिंपल्यासारखा चमकणारा तुकडा. लांबट तुकडा शिंपल्याचाच आहे. अठराव्या शतकापासून चीनमध्ये कँटनला इंग्रज कुटुंबांसाठी असे खेळातले तुकडे कोरून मिळत, घराण्याची अक्षरं घालून. मामांनी तो कुठल्या तरी बंदरातल्या जुन्या बाजारातून घेतला असावा. तो जपा. पिवळट चकत्या मात्र हाडाच्या, सेल्युलॉइडच्या (जुन्या प्रकारच्या प्लास्टिकच्या) किंवा हस्तिदंताच्या असू शकतात. भिंगाखाली बारीक काळपट ठिपके दिसले तर हाड. एकसारख्या सरळ समांतर रेघा दिसल्या तर बहुधा सेल्युलॉइड. एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या रेघांची जाळी दिसली तर हस्तिदंत. तापलेली सुई टोचून बघायचा सल्ला कुणी देईल, ऐकू नका. सेल्युलॉइड भडकन पेटतं. आणि हस्तिदंत निघालं तर ते विकायचं नाही, कुणाला भेट द्यायचं नाही, परदेशी पाठवायचं नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९८६ आणि १९९१च्या दुरुस्त्यांनंतर भारतीय आणि आफ्रिकी दोन्ही हस्तिदंतांचा व्यापार बंद आहे, वस्तू कितीही जुनी असली तरी. वनविभागाच्या नाशिकच्या कार्यालयात जाऊन दाखवा. २०२२च्या दुरुस्तीने मालकीचं प्रमाणपत्र असलेल्यांना अशी वस्तू स्वेच्छेने सरकारजमा करण्याची सोय आहे, भरपाई मिळत नाही; प्रमाणपत्र नसेल तर काय करायचं ते तिथेच विचारा. इथे आईंचं ऐका असं मी म्हणेन: ती वस्तू घरात नको. फक्त गंगेत नाही, वनविभागात.

निगा राखण्याबद्दल थोडक्यात. पितांबरी, लिंबू, रिठ्याचं गरम पाणी यातलं काहीही चिपला लावू नका. मातीची चिप पाणी पिते, कागदी टिकली फुगते, वर्ख घासला की जातो. कोरडा मऊ ब्रश पुरे. मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या अल्बमची पानं टाळा, त्यातलं तेलकट द्रव्य चिपवर उतरतं. ट्रंकेत डांबराच्या गोळ्या असतील तर आजच काढा. आषाढ-श्रावणात डबीत सिलिका जेलची पुडी ठेवा आणि डबी उन्हापासून लांब.

किंमतीचं विचारलंत. एका चिपचा भाव कॅसिनो किती दिवस चालला, किती चिप्स वाचल्या आणि कड किती धारदार राहिली यावर ठरतो. वर छापलेल्या आकड्याशी त्याचा फारसा संबंध नाही. वेगासची ती तीन नावं प्रसिद्ध आहेत, पण प्रसिद्ध हॉटेलांच्या चिप्स लोकांनी आठवण म्हणून भरपूर नेल्या, त्यामुळे त्या सहज मिळतात. त्यातून बंगला होणार नाही. पण तुमच्या साठ चिप्सना एक असं मोल येऊ शकतं जे बाजारातल्या साठ चिप्सना येणार नाही. ते मोल मामांच्या कागदांत आहे.

खलाशाकडे सीडीसी असते, नाविकाची नोंदवही. कुठल्या जहाजावर, कुठल्या बंदरात, कुठल्या तारखेला चढला आणि कुठे उतरला हे तिच्यात शिक्क्यानिशी लिहिलेलं असतं. मामींकडे ती असणारच, एकापेक्षा जास्तही असतील, शिवाय जुने पासपोर्ट. ट्रंक दिली तशी ही वहीही बघायला मागा. एक रजिस्टर घ्या. प्रत्येक चिपला क्रमांक, दोन्ही बाजूंचा आणि कडेचा फोटो, वजन, व्यास, साचा, आणि समोर सीडीसीतली ती तारीख जिच्या आसपास मामा त्या शहराजवळ होते. जुळलं तर जुळलं लिहा, नाही जुळलं तर रकाना कोरा ठेवा. अंदाजाने भरू नका. जुळत गेलं की चिप कुणाकडून, कुठल्या वर्षी, कुठल्या मार्गाने इथे आली हे पक्कं होतं, आणि जुन्या वस्तूंच्या व्यवहारात यापेक्षा मोठं प्रमाणपत्र नसतं. वेगास समुद्रावर नाही, म्हणजे तिथल्या चिप्स एक तर लॉस एंजेलिसच्या बंदरातून सुटीत जाऊन आणलेल्या, नाही तर जहाजावरच्या कुणी दिलेल्या. हे मामींना विचारा. काठमांडू तर जहाजाच्या वाटेवरच नाही. तिथे ते बहुधा रजेवर गेले असतील, कदाचित मामींना घेऊन. त्यांना त्या सहलीचं आठवत असेल ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, तारखेसह, आणि खाली त्यांची सही घ्या.

पुढचा संग्रहही याच धाग्याने वाढवा. जगातल्या सगळ्या चिप्स जमवायला निघाल्यास पैसा आणि जागा दोन्ही संपतील. मामांच्या सीडीसीत जी बंदरं आहेत तेवढ्याच शहरांतले, तेवढ्याच वर्षांतले कॅसिनो घ्या. महिन्याला खर्चाची एक रक्कम ठरवा आणि ती आईंना सांगून ठरवा, म्हणजे आवडीचा आकडा कुठे थांबतो ते त्यांनाही दिसत राहील. रजिस्टर पुरं होईपर्यंत एकही चिप विकू नका, आणि पिशवीतून काढलेल्या चिप्स ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने फोटो काढून ठेवा. मामींचं वय लक्षात घेता सीडीसीचं काम या रविवारीच सुरू करा.